प्रवेश मिळाला होता, पैसे नव्हते

परदेशात मास्टर्स करण्यासाठी पहिल्या वर्षी मी सात ठिकाणी अर्ज केले. तीन ठिकाणी प्रवेश मिळाला आणि एप्रिल संपता संपता मी तिन्ही ठिकाणी नकार कळवला. शेवटचा नकार लिहायला मला दोन दिवस लागले. भूजलशास्त्रातला अगदी मला हवा तसा अभ्यासक्रम होता तो. पत्राच्या पहिल्या ओळीत अभिनंदन होतं आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘गुणवत्ता शिष्यवृत्ती’ या नावाखाली शिक्षण शुल्कात ३० टक्के सूट. घरी तो शब्द ऐकून सगळे आनंदले. मग मी कागद घेऊन बसले. उरलेलं ७० टक्के शुल्क, राहण्या-जेवण्याचा खर्च, आरोग्य विमा, व्हिसा, विमानाचं तिकीट. शिवाय जागा धरून ठेवायला चार आठवड्यांत भरायचं डिपॉझिट, आणि तेही परत न मिळणारं. ताई म्हणाली, “मी माझी ठेव मोडते, तू जा.” ती मनापासून म्हणाली होती, म्हणूनच मला ते पैसे घेववले नाहीत. मी विद्यापीठाला विचारलं, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का? उत्तर आलं, प्रवेश ढकलता येईल, सूट ढकलता येणार नाही. तिच्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहावं लागेल.

दुसऱ्या वर्षी मला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली. मधल्या काळात माझ्या हुशारीत काडीचा फरक पडला नव्हता. पदवीचे गुण तेच, नोकरी तीच, इंग्रजीही तेवढंच. पण एक गोष्ट मला पहिल्या वर्षी माहीत नव्हती आणि दुसऱ्या वर्षी कळली होती: प्रवेश देणारे आणि पैसे देणारे यांच्यापुढचे प्रश्न वेगळे असतात. मी एकच निबंध दोघांनाही पाठवला होता. विद्यापीठाचं नाव बदलून, दोन वाक्यं इकडची तिकडे करून.

प्रवेश समितीत त्या विषयाचे प्राध्यापक बसतात. त्यांना हे बघायचं असतं की हा अभ्यास हिला झेपेल का, आणि आम्ही जे शिकवतो तेच हिला शिकायचं आहे का. शिष्यवृत्तीचे अर्ज वाचणाऱ्यांपुढे झेपेल असे शेकडो जण असतात. गुण तिथे सगळ्यांचेच चांगले. ते विचारतात, आमचा पैसा या माणसावर खर्च झाला तर त्यातून पुढे काय उभं राहील? माझ्या पहिल्या निबंधात या प्रश्नाला एका ओळीचंही उत्तर नव्हतं. मला शिकायची किती ओढ आहे, हे मात्र चार परिच्छेद लिहिलं होतं.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी दोन महिने निबंधाला हातच लावला नाही. प्रत्येक शिष्यवृत्ती कोणी सुरू केली, कशासाठी, आणि बदल्यात ते काय मागतात, एवढंच वाचत बसले. हे वाचन मला फार उपयोगी पडलं, कारण नियमांच्या मागचा हेतू दिसायला लागला. अमेरिकी सरकारची फुलब्राइट शिष्यवृत्ती १९४६ साली, दुसरं महायुद्ध संपल्यावर सुरू झाली, देशादेशांतल्या माणसांनी एकमेकांना ओळखावं म्हणून. त्यामुळे शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत राहण्याची अट तिथे असते आणि तुम्ही तुमच्या माणसांत परत जाऊन काय कराल हा प्रश्न खरा असतो, औपचारिक नसतो. चेव्हनिंग ब्रिटिश सरकार १९८३ पासून चालवतं. एका वर्षाची मास्टर्स, अर्जात तीन अभ्यासक्रम निवडायचे, आधी किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि तो ते तासांत मोजतात, २,८०० तास. त्यांचे निबंधाचे विषय बघितले तरी कळतं: नेतृत्व आणि माणसं जोडणं यावर ते स्वतंत्र प्रश्न विचारतात. तिथे माझी प्रयोगशाळेतली कामगिरी लिहून मी काय मिळवणार होते?

जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासाशी संबंधित पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीची योजना आहे. तिला साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सर्वसाधारणपणे सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. माझा एक सहकारी, माझ्यापेक्षा कामात कितीतरी सरस, ‘अजून थोडा अनुभव घेतो, मग अर्ज करतो’ असं म्हणत राहिला आणि त्याची पदवी सात वर्षांची झाली. ज्या दिवशी त्याने ती अट वाचली त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तयारी पूर्ण झाली असं कधीच वाटत नाही आणि मुदती तर त्या वाटण्याची वाट बघत नाहीत.

पैसे आणि प्रवेश यांचा क्रमही सगळीकडे सारखा नसतो, आणि माझं घोडं पहिल्या वर्षी तिथेही अडलं होतं. मी समजत होते की आधी प्रवेश घ्यायचा, मग शिष्यवृत्ती शोधायची. मार्चमध्ये प्रवेशपत्र हातात आलं तेव्हा बहुतेक शिष्यवृत्त्यांच्या मुदती तीन-चार महिन्यांपूर्वीच उलटून गेल्या होत्या. चेव्हनिंगचा अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उघडतो आणि काही आठवड्यांत बंद होतो, म्हणजे विद्यापीठाचा प्रवेश हातात नसतानाच तो भरावा लागतो. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत दूतावासाच्या वाटेने गेलात तर आधी दूतावासाची चाळणी, आणि ती पार केल्यावर तुम्ही विद्यापीठांकडून तात्पुरत्या स्वीकृतीचं पत्र मिळवायचं. केंब्रिजच्या गेट्स शिष्यवृत्तीसाठी, जी २००० साली २१ कोटी डॉलरच्या देणगीतून उभी राहिली, वेगळा अर्जच नसतो. प्रवेशाच्याच अर्जात तो विभाग भरायचा. आधी तुमचा विषय-विभाग तुमचं नाव पुढे करतो, आणि मग गेट्सवाले बघतात की इतरांचं जगणं सुधारण्याची तुमची बांधिलकी किती खरी आहे. एकाच अर्जाचे दोन वाचक, एकामागून एक. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस योजनेत अनेक विद्यापीठं मिळून एक अभ्यासक्रम चालवतात आणि प्रवेश व शिष्यवृत्ती एकाच अर्जावर ठरते. माझ्याच विषयात लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन अशा तीन शहरांत विभागलेला असा एक अभ्यासक्रम आहे. अमेरिकेतल्या पीएचडीत तर बहुतेक विज्ञानशाखांमध्ये प्रवेशाबरोबरच शुल्कमाफी आणि मासिक मानधन येतं आणि त्याच्या बदल्यात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम करायचं असतं. तिथल्याच मास्टर्सला मात्र असा पैसा क्वचित. हे एक वाक्य मला कोणी दोन वर्षं आधी सांगितलं असतं तर माझ्या सातपैकी चार अर्जांचं शुल्क वाचलं असतं.

आता निबंधाबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला.

माझ्या पहिल्या एसओपीचं, म्हणजे प्रवेशासाठीच्या उद्देश-निबंधाचं, पहिलं वाक्य होतं, ‘लहानपणापासून मला पाण्याविषयी कुतूहल होतं.’ ते खोटं नव्हतं. पण ते कोणाचंही असू शकतं. दुसऱ्या वर्षी ज्या मॅडमनी माझा मसुदा वाचला त्यांनी त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि विचारलं, “तुला शेवटचं कधी असं वाटलं की आपल्याला हे येत नाही आणि ते आलंच पाहिजे?” मी लगेच म्हटलं, “चौदा नंबरची विहीर.”

मी नोकरीत निरीक्षण विहिरींची पातळी मोजायचे. टेपच्या टोकाला असलेला संवेदक पाण्याला टेकला की आवाज होतो, मग टेपवरचा आकडा वहीत लिहायचा. एका उन्हाळ्यात आजूबाजूच्या सगळ्या विहिरी खाली जात असताना चौदा नंबरची विहीर वर आली. कार्यालयात सगळ्यांनी धरून चाललं की वाचन चुकलं. मी पुन्हा गेले. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी पाण्याची विद्युतवाहकता मोजली, म्हणजे त्यात क्षार किती विरघळलेत याचा अंदाज. शेजारच्या विहिरींपेक्षा ती निम्म्याहून कमी होती आणि पलीकडून जाणाऱ्या कालव्यातल्या पाण्याच्या जवळ जाणारी होती. कालवा झिरपत होता आणि ते पाणी या विहिरीत उतरत होतं. इथपर्यंत मला कळलं. पण किती पाणी झिरपतंय, कुठवर पोचतंय, कालव्याला अस्तर घातलं तर किती विहिरी कोरड्या पडतील, यातलं काहीही मला सांगता आलं नाही. त्यासाठी भूजलाच्या प्रवाहाचं संगणकीय प्रारूप मांडता यायला हवं, समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून, पाण्याचा उगम ओळखता यायला हवा. मला दोन्ही येत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, “हेच लिही. यात तुला काय येतं तेही दिसतं आणि तुला तिथे का जायचंय तेही.”

मी तेच लिहिलं. पहिल्या मसुद्यात मी जे झाकत होते, मला काय येत नाही ते, तोच नव्या निबंधाचा कणा झाला. त्यानंतर ‘आमचंच विद्यापीठ का’ या परिच्छेदासाठी शब्द शोधावे लागले नाहीत. कुठल्या सत्रात प्रारूप-मांडणी शिकवतात, समस्थानिकांची प्रयोगशाळा कोणाकडे आहे, कोणाचं काम झिरपणाऱ्या कालव्यांवर आहे, हे मला स्वतःलाच हवं होतं म्हणून मी शोधलं होतं. पहिल्या वर्षी त्या जागी मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची विशेषणं उतरवली होती: जगप्रसिद्ध, बहुसांस्कृतिक, अत्याधुनिक. आपण आपलंच कौतुक त्यांना वाचायला पाठवतो आहोत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शिष्यवृत्तीच्या निबंधातही चौदा नंबरची विहीर होती, पण तिथे मी गोष्ट पुढे नेली. माझा अहवाल कपाटात गेला. तो का गेला? कारण तो वाचून निर्णय घेणाऱ्याला आकडा हवा होता आणि माझ्याकडे शंका होती. दरम्यान ज्यांच्या त्या विहिरी होत्या त्यांना आम्ही कधी काही सांगतच नव्हतो. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्यापैकी अकरा जणांना पातळी कशी मोजायची ते शिकवलं. साधी दोरी, वजन आणि खुणा. दर पंधरा दिवसांनी ते आकडे एका वहीत लिहू लागले. सहा महिन्यांनी त्यातले आठ जण लिहीत होते, तिघांनी सोडलं होतं. मी आठांचंही लिहिलं आणि तिघांचंही लिहिलं, त्यांनी का सोडलं तेही. ‘नेतृत्व’ या प्रश्नाला उत्तर म्हणून माझ्याकडे कुठलंही पद नव्हतं, कुठल्या मंडळाची मी अध्यक्ष नव्हते. पहिल्या वर्षी त्या रकान्यात मी महाविद्यालयातल्या स्नेहसंमेलनाचं संयोजन लिहिलं होतं, कारण या अकरा जणांना दोरी शिकवण्याला नेतृत्व म्हणतात हे मला सुचलंच नव्हतं.

दोन निबंधांत मिळून मी नऊ मसुदे केले. सातव्यानंतर सुधारणा कमी आणि घाबरणं जास्त होतं, हे आज कळतं.

शिफारसपत्रांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण यात अनेक चांगली मुलं मार खातात. पहिल्या वर्षी मी विभागप्रमुखांकडे गेले होते. मोठं नाव, मोठा हुद्दा. त्यांनी मला एक विषय शिकवला होता आणि वर्गात आम्ही ऐंशी जण होतो. ते म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.” मी लिहून नेलं. आज वाटतं, ते पत्र आणि माझा निबंध शेजारी ठेवून वाचणाऱ्याला दोन्हीकडे एकच हात दिसला असणार. तीच वाक्यरचना, तेच आवडते शब्द. दुसऱ्या वर्षी मी तिघांना विचारलं: प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडम, एक विषय अगदी रस घेऊन शिकवणारे सर, आणि नोकरीतले माझे वरिष्ठ, ज्यांनी चौदा नंबरच्या विहिरीवर तिसऱ्यांदा जायला मला गाडी दिली होती. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती आणि त्यांना स्वतःलाच शंका होती की आपल्या पत्राला वजन येईल का. मी म्हटलं, “सर, तुम्ही मला काम करताना बघितलंय.”

तिघांनाही मी एकेक पानाचं टिपण दिलं. त्यात स्तुती नव्हती, आठवणी होत्या. कुठल्या महिन्यात कुठलं काम, कुठे चुकले, काय दुरुस्त केलं, तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात. कोणता अर्ज कोणत्या तारखेला, कोणाला काय जाणून घ्यायचंय. सहा आठवडे आधी. मुदतीच्या दहा दिवस आधी एक आठवण आणि तीन दिवस आधी फोन. सरांना फोन करायला मला संकोच वाटत होता. त्यांनी उचलल्या उचलल्या म्हटलं, “बरं झालं केलास, मी विसरलो होतो.”

अमेरिकी अर्जांमध्ये इथे एक चौकट येते: शिफारसपत्र पुढे कधी बघण्याचा आपला हक्क तुम्ही सोडता का? हा हक्क तिथल्या १९७४ च्या एका कायद्याने विद्यार्थ्यांना दिलेला आहे. मी पहिल्या वर्षी तो राखून ठेवला, का सोडायचा म्हणून. नंतर कळलं की हक्क सोडला की वाचणारा त्या पत्रावर जास्त विश्वास ठेवतो, कारण लिहिणाऱ्याने मोकळेपणाने लिहिलंय असं तो धरून चालतो. दुसऱ्या वर्षी मी सोडला.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण एका कोपऱ्यात माझा अर्ज जवळजवळ बुडाला होता म्हणून सांगते. जर्मन विद्यापीठं परदेशी गुण आपल्या मोजपट्टीवर आणतात. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. सूत्र असं: सर्वोच्च शक्य गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण यांच्यातल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. माझे १० पैकी ७.८ होते. किमान उत्तीर्ण ४ धरलं तर उत्तर २.१ येतं. ५ धरलं तर २.३. माझ्या गुणपत्रकावर किमान श्रेणी छापलेलीच नव्हती, आणि मला हव्या असलेल्या एका अभ्यासक्रमाची मर्यादा या दोन आकड्यांच्या मध्ये होती. परीक्षा विभागाकडून ‘किमान उत्तीर्ण श्रेणी ४’ असं पत्र मिळवायला मला पाच आठवडे आणि चार फेऱ्या लागल्या. सही-शिक्क्याची दोन ओळींची चिठ्ठी. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी हे पत्र आजच मागावं, यादी बनवायच्याही आधी.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षं चालतात. माझे अर्ज करताना चालत होते, पण वर्ग सुरू होण्याच्या महिनाभर आधी संपत होते. काही विद्यापीठं अर्जाच्या दिवसाचं बघतात, काही प्रवेशाच्या दिवसाचं. मी प्रत्येकाला ईमेल करून विचारलं आणि शेवटी परीक्षा पुन्हा दिली. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात, पण अनेक विभागांनी ती परीक्षा मागणं सोडलंय. तेव्हा कोणी मागत नसेल तर त्या अभ्यासाचे महिने निबंधाला द्यावेत, असं माझं मत आहे. आणि मुदतीची वेळ त्यांच्या घड्याळाची असते. एवढंच.

जानेवारीत अर्ज संपले. फेब्रुवारीत एक नकार आला, मार्चमध्ये दुसरा. दुसरा नकार मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती त्याचा होता. त्या दिवशी मी कोणाशीच बोलले नाही, ताईशीसुद्धा. ज्यांनी ही वाट धरली आहे त्यांना हे माहीत असू दे की असा दिवस येतो, आणि तुम्ही कमी पडलात म्हणूनच येतो असं नाही. दहा जागांसाठी पन्नास लायक अर्ज असतील तर चाळीस लायक माणसांना ते पत्र जातं.

मार्चच्या शेवटी एका संयुक्त अभ्यासक्रमाची मुलाखत झाली. वीस मिनिटं, पडद्यावर तीन चेहरे. पहिल्यांनी विहिरीबद्दल विचारलं. दुसऱ्यांनी विचारलं, विद्युतवाहकता कमी असण्याचं कालव्याखेरीज दुसरं काय कारण असू शकतं? मी पावसाच्या ताज्या झिरपलेल्या पाण्याचं म्हटलं, आणि तो उन्हाळा असल्यामुळे ते का बसत नाही तेही. तिसऱ्यांनी विचारलं, “ही शिष्यवृत्ती मिळाली नाही तर काय कराल?” तालीम करताना मी याचं एक गोड उत्तर बसवलं होतं. ते तोंडात आलंच नाही. मी म्हटलं, “पंधरा दिवसांनी वाचनं घ्यायची आहेत, ती घेईन. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्यासमोर येईन.” त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

निकाल आला तो राखीव यादीचा. म्हणजे वरच्या कोणी जागा नाकारली तर मी. राखीव यादीत असणं म्हणजे काय हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. ना रडता येत, ना पुढचं काही ठरवता येत. त्या काळात माझ्या हातात दुसऱ्या एका ठिकाणचा अर्धवट मदतीचा प्रवेश होता आणि ते आठ दिवसांत उत्तर मागत होते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी आपसात मान्य केलेला एक ठराव आहे, की आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशावर १५ एप्रिलच्या आधी विद्यार्थ्याला निर्णय घ्यायला लावायचं नाही. असं संरक्षण सगळीकडे नसतं, माझ्या बाबतीत नव्हतं. पण मागायला काय जातं? मी खरं ते लिहिलं: दुसरीकडे राखीव यादीत आहे, दोन आठवडे मिळतील का. मिळाले. पहिल्या वर्षी मला असं विचारण्याचं धाडस झालं नसतं.

तेराव्या दिवशी ईमेल आला. जागा रिकामी झाली होती. शुल्क पूर्ण माफ आणि महिन्याला राहण्या-जेवण्याचं मानधन. मी तो ईमेल ताईला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या ओळीपर्यंत ती गप्प होती, मग म्हणाली, “परत वाच.”

पूर्ण आणि अर्धवट मदतीतला फरक मला पुन्हा व्हिसाच्या वेळी दिसला. जर्मनीला जाणाऱ्याला एका वर्षासाठी ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, ब्रिटनला जाणाऱ्याच्या खात्यात ठरलेली रक्कम सलग २८ दिवस असावी लागते. पूर्ण शिष्यवृत्तीचं पत्र असलं की हे सगळं एका कागदावर भागतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, “खर्च कोण करणार?” मी पत्र सरकवलं. त्यांनी ते वाचलं, शिक्का मारला आणि उरलेली फाईल न उघडताच परत दिली.

त्या फाईलमध्ये, सगळ्यात मागे, ताईने पहिल्या वर्षी बँकेतून आणलेला ठेव मोडण्याचा फॉर्म होता. तिने तो तेव्हाच भरून सही करून ठेवला होता, फक्त तारीख घालायची राहिली होती.